सून नाही म्हणून सांगितलं

कामिनोसावा, अकिता
१४ डिसेंबर

क्वेन,

एका हातात मुळ्यांची माळ, दुसऱ्या हातात फोन आणि डोळ्यांत चुलीचा धूर. मी विचारलं, "कोण बोलतंय?" तो म्हणाला, परदेशी माणसांना राहायचा परवाना देतात त्या कचेरीतून बोलतोय. आवाज गोड होता. भामट्यांचे आवाज गोडच असतात, असं आमचा कोमात्सु हवालदार दर महिन्याच्या पत्रकात लिहितो.

"हाताकेयामा नोबुहिरो हे आपले चिरंजीव ना?"

"असतील."

"त्यांच्या पत्नी क्वेन यांच्याविषयी दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या."

इथे मी ओळखलं. वरच्या आळीतल्या शिगेला असाच फोन आला होता. आधी घरातल्या माणसाचं नाव घेतात, मग ते माणूस अडचणीत आहे म्हणतात, मग पैसे मागतात. शिगे नातवाला सोडवायला बँकेत धावली तेव्हा नातू मागच्या खोलीत झोपलेला होता.

मी म्हटलं, "माझ्या मुलाचं लग्न झालेलं नाही. त्याला कोण करून घेणार? मला सून नाही. क्वेन नावाच्या कुणाला मी ओळखत नाही. पुन्हा फोन केलात तर चौकीत कळवीन."

तो म्हणाला, "आजी, नक्की ना?"

मी म्हटलं, "मी कुणाची आजी नाही." आणि ठेवला.

संध्याकाळी हवालदार येऊन चहा पिऊन गेला. म्हणाला, "मिनेबाई, असं उत्तर मी पत्रकात सुचवलं नव्हतं. हे त्याहून चांगलं आहे." नव्या वर्षाच्या पत्रकात छापणार आहे. फेब्रुवारीत म्हाताऱ्यांच्या सभेत मी उभं राहून सगळ्यांना सांगायचं, असंही ठरलं.

मुळे यंदा चांगले धुरावले आहेत. आता कोंड्यात मुरत घालायचे. नोबु बोगद्याच्या कामावर काय खातो कोण जाणे. शनिवार-रविवारी घरी येतो तेव्हा तरी त्याला नीट खायला घाल.

तुझ्या मागच्या पत्रात सुरुवातीला हवेबद्दल एक ओळ नव्हती. आमच्याकडे पत्र असं सुरू करत नाहीत. मी आज केलं, कारण मला घाई होती. तू करू नकोस.

मिने


ओता, गुन्मा
१८ डिसेंबर

नोबु,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास, आणि मला ते ऐकायचं नाही. आईंचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच, मग तिथे डोंगरात एकटा हस.

तो भामटा नव्हता. जुलैत आपण अर्ज दिला तेव्हा नवऱ्याच्या घरचा फोन नंबर मागितला होता. तो तूच लिहिलास. आईंना सांगून ठेवू या, मी म्हटलं होतं. तू म्हणालास, परवाना हातात आला की सांगू, उगाच काळजी करत बसेल.

मार्चअखेर कारखाना बंद होणार हे आता नक्की झालं. साचे हायफाँगला जाणार आहेत. मी काढलेले आराखडे माझ्याच देशात चालले, आणि मी इथे राहू द्या म्हणून रांगेत उभी आहे. माझा आत्ताचा परवाना या कामावर आहे. काम गेलं की काही महिन्यांत तोही जाईल.

तू पुन्हा म्हणशील, बायको म्हणून मिळतो तो परवाना घे. तो दर खेपेला वाढवताना तुझी सही लागते. भांडण झाल्यावर सही मागायला मला तुझ्यापुढे उभं राहायचं नाही. तुझ्याशी लग्न केलं म्हणून कायमचा परवाना लवकर मागता येतो, हे खरं आहे. पण एकदा मिळाला की तो माझा. मग मनसोक्त भांडता येईल.

हे तू हसण्यावारी नेतोस. तुझ्या आईंनी ते कधी हसण्यावारी नेलेलं नाही.

त्यांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना हवालदाराची शाबासकी मिळाली आहे. कचेरीत जाऊन मी निस्तरते.

एक मात्र मनात राहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली. आई माझ्याबद्दल परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलल्या, आणि काय बोलल्या, तर मी नाहीच.

शुक्रवारी येताना कपडे तिकडे धुऊन आणू नकोस. ओले राहतात आणि पिशवी कुबट होते.

क्वेन


ओता, गुन्मा
२० डिसेंबर

आई,

इथे डोंगरावरून कोरडा वारा सुटला आहे. कपडे घटकेत वाळतात आणि दोरीवरून पळूनही जातात. तुमच्याकडे बर्फ किती चढला?

फोन आला तेव्हा तुम्ही सावध राहिलात, बरं झालं. त्या माणसाने स्वतःचं नाव सांगितलं होतं का? सहज विचारते आहे.

नोबुला मी खायला घालते. रविवारी तो मला घालतो. मी आमच्याकडचा शेवयांचा फो केला की त्याच्या रश्शात तो तुमचा खारट मिसो कालवतो. मी काही म्हणत नाही.

नव्या वर्षाला मला येता येणार नाही. कारखान्यात बरंच सामान बांधायचं आहे. नोबु एकटा येईल.

क्वेन


कामिनोसावा, अकिता
६ जानेवारी

क्वेन,

बर्फ गुडघ्याच्या वर. दोन दिवस सूर्य नाही. झाली हवा.

नोबुने मोचीचा तिसरा तुकडा तोंडात असताना मला सांगितलं. मी म्हटलं, आधी गीळ, दरवर्षी ही तांदळाची चिकट मोची घशात अडकून किती म्हातारे गुदमरतात. तो म्हणाला, "आई, म्हातारी तू आहेस." गिळून झाल्यावर पुन्हा सगळं सांगितलं. तेव्हा माझीच मोची ताटात तशी राहिली.

मला सांगायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. पत्रात मला विचारतेस, नाव सांगितलं होतं का, सहज विचारते. मी काय काचेची आहे?

काल कचेरी उघडल्याबरोबर फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवलं. मग एक मुलगी आली.

"आपण अर्जदाराच्या कोण?"

"सासू."

तिकडे बटणांची टकटक झाली. "हाताकेयामा मिने-सान ना? आमच्या नोंदीप्रमाणे आपल्याला सून नाही."

"आहे."

"पण आपणच तसं सांगितलं आहे."

"ते मी खोटं सांगितलं."

"तेव्हाचं खोटं की आत्ताचं?"

मी म्हटलं, मुली, मी शहात्तर वर्षांची आहे, थंडीत उभी राहून बोलते आहे. ती म्हणाली, आपली गैरसोय झाली याबद्दल मनापासून दिलगीर आहोत, परंतु नातेवाईक नसलेल्या व्यक्तीशी आम्हाला अर्जाविषयी बोलता येत नाही. आणि फार अदबीने फोन ठेवला. मी त्या दिवशी ठेवला होता त्याहून अदबीने.

तोवर पत्रक निघालं. या घरातून त्या घरात फिरतं आहे. "हाताकेयामा मिनेबाईंनी प्रसंगावधान राखून, आपल्याला सून नाही, असे ठणकावले." शेजारच्या फुमीने माझ्या हातात देताना पाठ थोपटली. मी वाचल्याचा शिक्का मारला आणि पुढच्या घरी नेऊन दिलं. काय करणार?

नोबु म्हणाला, तू कायमचा परवाना मागितला आहेस. कायमचा म्हणजे काय, ते मला तू लिही. त्याचं मी ऐकलं आहे. तुझं ऐकायचं आहे.

मिने


ओता, गुन्मा
१७ जानेवारी

आई,

वारा तसाच आहे.

कचेरीत बोलावलं होतं. फोन करणारे तेच गृहस्थ. तरुण आहेत, पेन्सिली एका ओळीत ठेवतात. म्हणाले, "नवरा आठवडाभर डोंगरात. लग्नाचा समारंभ झाला नाही. दोन्ही घरांचा एकत्र असा एकही फोटो नाही. आणि नवऱ्याची आई म्हणते, मुलगा अविवाहित आहे. तुम्ही माझ्या खुर्चीवर असता तर काय लिहिलं असतं?" मी म्हटलं, त्यांना तुम्ही भामटे वाटलात. ते म्हणाले, "इथे येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगतो." आणखी काही दाखवायचं असेल तर फेब्रुवारी संपेपर्यंत दाखवा, म्हणाले.

नोबु म्हणतो, आईने एक पत्र लिहिलं की झालं. मला ते पत्र अजून नको. आधी एक विचारायचं आहे. समोर बसून मला विचारता येणार नाही. तुमची बोली मला अर्धीच कळते आणि माझे उच्चार तुम्हाला. कागदावर आपलं बरं चालतं, म्हणून कागदावर.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, पितरांच्या दिवसांत, मी कबरीवर पाणी घालायला आले होते. फुमीकाकूंनी विचारलं, ही कोण? तुम्ही म्हणालात, नोबुच्या ओळखीची, त्या तिकडे कारखान्यात असते. तेव्हा फोन नव्हता आणि भामटाही नव्हता.

तर त्या दिवशी फोनवर तुम्ही खोटं बोललात, की नेहमी सांगता तेच सांगितलंत?

कायमचा म्हणजे काय, तुम्ही विचारलंत. नोबुशी कडाक्याचं भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी मी इथेच उठेन आणि चहा करेन, म्हणजे कायमचा. कुणी राहू दिलं म्हणून राहणं वेगळं. मला राहायचं आहे म्हणून राहायचं आहे.

राग आला असेल तर रागाचं पत्र लिहा. पण लिहा.

क्वेन


कामिनोसावा, अकिता
११ फेब्रुवारी

क्वेन,

छपरावरचा बर्फ तीनदा उतरवला. कंबर धरली आहे. हवेचं एवढंच.

या पत्राआधी दोन पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. पहिल्यात राग होता. दुसऱ्यात नव्हता, म्हणून तेही घातलं.

तुम्ही लग्नाची नोंद केलीत तेव्हा मी नोबुला विचारलं, आता तिचा परवाना तुझ्या नावाने होईल ना? तो म्हणाला, ती नको म्हणते, तिला स्वतःचा हवा. मी समजले, ही जाणार. जाणाऱ्या माणसाची गावाला ओळख करून दिली, तर ते माणूस गेल्यावर गाव दहा वर्षं विचारत राहतं. त्यापेक्षा ओळखीची बरी. ओळखीची माणसं येतात, जातात.

मी पन्नास वर्षं नवऱ्याच्या सहीवर या घरात काढली. सही नको म्हणणारी बाई निघायच्या तयारीत असते, एवढंच मला माहीत. राहायचं म्हणून कुणी सही टाळतं, हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं. तीन वर्षांपूर्वी लिहिलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. तू तुझं दार अर्धं उघडं ठेवलंस, मी माझं ठेवलं, आणि दोघी म्हणत बसलो, घरात गारठा कुठून येतो.

आता सभेचं.

रविवारी गावच्या सभागृहात सगळे जमले. शेगडी मध्ये, म्हातारे भोवती. हवालदाराने माझी ओळख करून दिली. नवी टोपी घालून आला होता. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले होते.

मी म्हटलं, "टाळ्या थांबवा. तो भामटा नव्हता. खरा सरकारी माणूस होता. आणि मला सून आहे."

वर घेतलेले हात खाली आले. मग फुमी म्हणाली, "कबरीवर आली होती ती?"

"तीच."

"तू तर म्हणालीस कारखान्यातली."

"कारखान्यातलीच आहे. नोकरी करू नये का सुनेने?"

"मी कुठे काय म्हटलं? मला तेव्हाच वाटलं होतं. कबरीवरचं गवत मुळासकट उपटत होती. ओळखीची बाई वरवरचं उपटते."

मागून कुणीतरी म्हणालं, आम्हालाही वाटलंच होतं. मग आणखी दोघे-तिघे म्हणाले. क्वेन, गावात हे वाटलं नव्हतं असं मी सोडून कुणीच नव्हतं. फक्त मी कधी सांगते याची सगळे वाट बघत होते. एवढी भिडस्त माणसं.

शिगे म्हणाली, "म्हणजे माझा भामटा खरा होता, आणि मिनेचा खोटा?"

मी म्हटलं, "हो."

"मग माझं नाव पत्रकात छापा. मिनेचं काढा."

सगळे हसले. हवालदार सोडून. त्याने टोपी काढली आणि बराच वेळ टोपीच्या आत बघत बसला. मग म्हणाला, "फोनवर घरच्यांची काहीही माहिती द्यायची नाही, असं मीच या गावाला पढवलं आहे. कचेरीला मी कळवतो. हे माझ्याकडे लागतं." चांगला माणूस आहे. आज त्याने पत्र टाकलं. मीही टाकलं. माझं दोनच ओळींचं आहे. मला सून आहे. नाही म्हटलं ते चोराला म्हटलं होतं.

तुला ते पत्र अजून नको होतं, हे मी वाचलं. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर आधी दिलं आणि मग टाकलं. क्रम तुझाच ठेवला.

गावाला आता माहीत झालं, पण नुसतं माहीत होऊन भागत नाही. सुनेला घरोघरी नेऊन एकेक टॉवेल द्यायचा असतो. तीन वर्षं उशीर झाला आहे. परवाना मिळो न मिळो, रस्ते मोकळे झाले की ये.

मिने


ओता, गुन्मा
१४ मार्च

आई,

इथे आलुबुखाराची फुलं येऊन गेली. नोबुला त्यांची सर्दी होते.

कचेरीतल्या गृहस्थांनी पुन्हा बोलावलं होतं. तुमच्या दोन ओळी आणि हवालदारांचं लांबलचक पत्र दोन्ही त्यांच्यापुढे होतं. वाचून झाल्यावर पेन्सिली सारख्या केल्या आणि म्हणाले, "मी घरी नव्या नंबरावरून फोन केला होता. माझी आई म्हणाली, मला मुलगाच नाही." मग फाइल मिटली. निकाल अजून कळायचा आहे. विचारलं तर म्हणाले, टपालाने कळेल.

यंत्रं गेली. हॉल रिकामा झाल्यावर पहिल्यांदा कळलं की त्याला खिडक्या होत्या. मला मार्चअखेरपर्यंतचं काम आहे, म्हणजे झाडणं आणि खोक्यांवर नावं घालणं. निकाल नाही आला तर काय, हा विचार रोज येतो. मग तुमचं पत्र काढते आणि "परवाना मिळो न मिळो" तेवढं वाचते.

घरोघरी काय बोलायचं असतं? मी पाठ करून येईन. टॉवेल पांढरे की रंगीत? कुणी आत या म्हटलं तर जायचं की नाही म्हणायचं? किती वेळा नाही म्हणायचं?

क्वेन


कामिनोसावा, अकिता
२० एप्रिल

नोबु,

तुला फोन करता आला असता. पण आईंनी कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, हवेपासून सुरू कर. तर घरामागे काळपट बर्फ अजून आहे आणि बेडूक ओरडायला लागले आहेत.

परवान्याचं कार्ड तू पाहिलंच आहेस. आईंनी ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. म्हणाल्या, "यावर नोबुचं नाव कुठेच नाही."

मी म्हटलं, "नाही."

"बरं आहे. हरवलं तर त्याच्यावर खेकसता येणार नाही."

मग देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे ठेवलं आणि घंटा वाजवली. मी थोड्या वेळाने उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे आज. त्यांना वाचायला वेळ लागतो."

दुपारी टॉवेल घेऊन निघालो. पांढरेच असतात. मी पाठ केलेलं कुठेच लागलं नाही, कारण मला बोलायची वेळच येत नाही. प्रत्येक दारात आई एकच वाक्य म्हणतात: "आमच्या नोबुची बायको, क्वेन. तिला काही येत नाही, सांभाळून घ्या." पहिल्या घरी मला ते लागलं. मोल्ड डिझाइन करणाऱ्या बाईला काही येत नाही? दुसऱ्या घरची सून शिगेकाकूंची. ती कानात म्हणाली, "मनावर घेऊ नका. मला तर आळशीही म्हणाले होते." तिसऱ्या घरापासून मी मान खाली घालून हसायला शिकले.

हवालदार चौकीच्या दारात होते. आई म्हणाल्या, "हिलाच नाही म्हटलं होतं." ते म्हणाले, "ओळखलं." पत्रकात आता त्यांनी एक ओळ वाढवली आहे. फोन सरकारी असेल असं वाटलं तर नंबर लिहून घ्या आणि चौकीत येऊन विचारा.

फुमीकाकू मात्र आईंचं वाक्य ऐकून घेणाऱ्यांतल्या नाहीत. "काही येत नाही म्हणजे काय येत नाही?"

आई जरा अडखळल्या. "शेतातलं. भाताचं वगैरे."

तेव्हा मी मान वर केली. म्हटलं, माझे वडील भातच लावतात. वर्षातून दोनदा. मी कॉलेजला जाईपर्यंत लावणीला मीही असायचे.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. फुमीकाकू इतक्या हसल्या की उंबऱ्यावर बसल्या. "मिने, तुझ्या सुनेला तुझ्याहून दुप्पट येतं गं." वाटेत आई म्हणाल्या, "दोनदा म्हणजे, बर्फ पडतच नाही का तिकडे?" नाही, मी म्हटलं. "मग बायका हिवाळ्यात करतात काय?" परत घरी येईपर्यंत मी त्यांना तेच सांगत होते. बोली अर्धी कळते म्हणाले होते, आता पाऊण म्हणायला हरकत नाही.

मी इथे आठवडाभर राहते. मग काम शोधते. आता कुठलंही काम चालेल. हे वाक्य लिहायलाच मजा आली.

आई जेवायला हाक मारताहेत. पत्र सकाळी टाकते.


दुसऱ्या दिवशी, दुपारी.

उजाडायच्या सुमारास फुमीकाकू फावडं घेऊन दारात उभ्या होत्या. आज गावच्या पाटाचा गाळ काढायचा असतो, प्रत्येक घरातून एक माणूस. बाबा गेल्यापासून आपल्या घरातून आई जात होत्या. त्यांनी तुझे गमबूट माझ्यापुढे ठेवले आणि पुन्हा जाऊन झोपल्या. दुपारपर्यंत आम्ही पाट मोकळा केला.

क्वेन